चौथ्या मजल्यावरच्या आजी आणि माझा गुरुत्वमध्य

चौथ्या मजल्यावरच्या आजींना खाली आणायचं, एवढंच काम होतं. खाली आणायचं, घटकाभर मागच्या गेटपाशी बसवायचं आणि परत वर पोहोचवायचं. यात नगरपालिका, हेल्मेट, कापडी फलक आणि माझा वर्तमानपत्रातला फोटो कुठून आला, असं लोक मला अजून जिन्यात थांबवून विचारतात. मी न चिडता सांगतो. आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आहे; तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याचा मला कधी कंटाळा आलेला नाही. कंटाळा ऐकणाऱ्याला येतो, असं आमच्या घरात एक मत आहे, पण त्या मताच्या मालकीणबाईंकडे नंतर येऊ.

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. ती बंद पडली तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, मग तिच्या दारावर ‘लवकरच सुरू होईल’ असा कागद चिकटवला. आता तो कागद पिवळा पडून गळायला लागल्यामुळे त्याच्यावर तसाच नवा कागद चिकटवला आहे. तेवढी देखभाल आम्ही ठेवतो. कुठला तरी भाग मिळत नाही म्हणतात. कुठला, ते लिफ्टवाल्याला माहीत, आणि लिफ्टवाला कुठे असतो ते कोणालाच माहीत नाही.

आजी पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर होत्या, म्हणून मुलं त्यांना पोस्टआजी म्हणतात. एकट्या राहतात. गुडघे कुरकुरतात, पण आवाज अजून पोस्टाच्या वेळेतला आहे. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. भाजी घ्यायची तर गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायच्या. मागच्या गेटपाशी हातगाडी लावणारा भाजीवाला ती भरून द्यायचा. वरचे टोमॅटो घट्ट, खालचे सगळे लिबलिबीत. आजी वरून ओरडायच्या, “अरे, हे टोमॅटो आहेत की चटणी?” भाजीवाला कानामागे हात धरून म्हणायचा, “ऐकू येत नाही, आजी!” आणि गाडी पुढे ढकलायचा.

“मला बाकी काही नको,” त्या मुलांना म्हणाल्या होत्या. “एकदा त्याच्यासमोर उभं राहून एकेक टोमॅटो दाबून घ्यायचाय. त्याच्या तोंडाकडे बघत.”

हे मला सांगितलं पेन्सिलने. पेन्सिल म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची दहावीतली मुलगी. उंच, सडपातळ, आणि केसांच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. इमारतीतल्या मुलांचं नेतृत्व तिच्याकडे आहे. निवडणूक वगैरे झाली नव्हती. तिचा हात कपाटाच्या वरपर्यंत पोहोचतो, एवढ्यावर ते आपोआप तिच्याकडे गेलं असावं. तिने एका संध्याकाळी आमची बेल वाजवली. मागे दोन जुळे भाऊ, एक अबोल मुलगा आणि सगळ्यांत पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह हा त्यांच्यातला सर्वांत लहान. त्याला हे नाव का पडलं ते लवकरच कळेल.

“सर, तुमच्याकडे एखादं जास्तीचं स्टूल आहे का?” पेन्सिलने विचारलं.

“कशाला?”

“पोस्टआजींना खाली आणायचंय. आम्ही ठरवलंय.”

माझा ऊर भरून आला. हल्लीची मुलं अशी आणि हल्लीची मुलं तशी, असं ऐकून ऐकून कान किटलेले, आणि इथे हल्लीची मुलं स्वतःहून माझ्या दारात उभी होती. मार्गदर्शन मागत होती. म्हणजे तोंडाने स्टूल मागत होती, पण विद्यार्थी कधी सरळ मागत नाही, हे अनुभवाने कळतं.

“स्टुलाचं राहू दे,” मी म्हटलं. “आधी पद्धत ठरवू. उद्यापासून संध्याकाळी गच्चीवर जमायचं.”

“पण सर, फक्त स्टूल—”

“शंका शेवटी,” मी प्रेमाने म्हटलं. हा माझा वर्गातला जुना नियम. मध्येच शंका घेतल्या की विषयाची लय बिघडते. आधी विषय पूर्ण होऊ द्यायचा, मग शंका. शाळेत बहुधा विषय पूर्ण होण्याआधी घंटा व्हायची, तो दोष घंटेचा.

मुलं गेल्यावर आमची ही म्हणाली, “अहो, त्यांना स्टूल हवं होतं. माळ्यावर पडलंय की एक.”

“तुला यातलं शास्त्र कळायचं नाही,” मी म्हटलं. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा काय करते, हे मी त्या दिवशी बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर वर्ग सुरू झाला. पाण्याच्या टाकीची भिंत फळ्यासाठी उत्तम निघाली. पहिल्या दिवशी मी तरफ घेतली. आजींना खुर्चीत बसवायचं, चौघांनी खुर्ची उचलायची आणि जिना उतरायचा, ही माझी पद्धत. आता उतारावर पुढच्या दोघांवर भार जास्त येतो की मागच्या दोघांवर, हे समजून न घेता आजींना उचलणं म्हणजे पुस्तक न उघडता परीक्षेला बसणं. त्यानंतर गुरुत्वमध्य. माणूस पुढे वाकला की तो सरकतो. आजींचा कुठे असेल, याचं मी टाकीवर चित्र काढलं.

प्रश्नचिन्हाने हात वर केला. “सर, पण आजींना—”

“शंका शेवटी.”

“सर, मग लिफ्ट—”

“शेवटी, बाळ.”

आता इमारतीत चार माणसं एका जागी जमली आणि पाचव्याला कळलं नाही, असं होत नाही. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी गच्चीवर आले. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, म्हणजे पावती पुस्तक त्यांच्याकडे असतं आणि तक्रारी ते दुसऱ्याकडे पाठवतात. त्यांच्यामागोमाग विमा विकणारे शेजारी, म्हणजे विमावाले आले. विमावाल्यांना कुठलीही चांगली गोष्ट दिसली की तिच्यातून कोण पडेल, हे आधी दिसतं.

“खुर्ची सुटली तर?” ते म्हणाले.

“चौघं आहेत धरायला.”

“चौघंही पडले तर? एकदम पाच माणसं! जबाबदारी कोणाची? पट्टे हवेत. हात आत घेऊन बांधायचं. घाबरलेला माणूस कठड्याला धरतो, आणि कठडा धरला की सगळे गेले.”

दातांचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून गच्चीवर व्यायाम करायला येत होते, ते लांबून म्हणाले, “डोकं. डोक्याला जपा. आणि जबडा.”

“हेल्मेट,” विमावाल्यांनी ठरवून टाकलं.

एवढ्या लोकांना विषयात रस आहे हे पाहून मला बरं वाटलं. निवृत्तीनंतर माझ्याकडे लोक फक्त पेपर वाचायला मागायला येतात. मी पट्ट्यांसाठी एक खास गाठ तयार केली. ती जितकी ओढावी तितकी घट्ट होते, पण एक विशिष्ट टोक विशिष्ट क्रमाने सोडलं की चुटकीसरशी सुटते. गाठीचा स्वतंत्र तास ठेवला. त्या तासाला नेमकी तीन मुलं गैरहजर.

आणि इथे मला एक खंत नोंदवावीशी वाटते. उपस्थिती. पहिल्या दिवशी सगळे होते, पण नंतर कधीच पूर्ण वर्ग भरला नाही. एक दिवस पेन्सिल आणि अबोल, तर दुसऱ्या दिवशी जुळे. कोणाचं पोट दुखायचं, कोणाचे पाहुणे. जुळ्यांपैकी एकाचं पोट दुखलं की दुसऱ्याचंही दुखायचं, ते मी समजून घेतलं. पण पेन्सिलला मी एकदा बोललोच. “सेवा म्हणजे सातत्य, बाळ. मनाला येईल तेव्हा करायची ती हौस.”

“हो सर,” ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. दम लागलेला होता. अपराधी माणसाला दम लागतोच, असा मी अर्थ घेतला.

मधल्या काळात माझ्या वर्गाचे परिणाम इमारतीत दिसू लागले होते, हे मी अभिमानाने सांगेन. आजींची टोपली गॅलरीतून सुटायची बंद झाली; संयम आला असेल. भाजीवाला अचानक नम्र झाला. आमच्या हिला त्याने न मागता घट्ट टोमॅटो दिले आणि वर म्हणाला, “दाबून बघा, काकू.” मी हिला म्हटलं, “बघितलंस? मुलांनी एक चांगलं काम हाती घेतलं की वातावरणच बदलतं.”

“बदलतं खरं,” ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या भरून दाराशी ठेवायला गेली. हल्ली संध्याकाळी ती दाराशी पाणी का ठेवते, हे मी विचारलं नाही. उन्हाळा होता.

फक्त एक गोष्ट खटकत होती. जिन्याच्या प्रत्येक वळणावर कोणीतरी स्टूल आणून ठेवू लागलं होतं. चौथ्या मजल्याखाली एक प्लॅस्टिकचं, तिसऱ्याखाली लाकडी, दुसऱ्याखाली कोणाच्या तरी ओट्यापुढचं उंच. आमच्या दारासमोरचं स्टूल तर थेट आमच्या माळ्यावरच्यासारखं दिसत होतं. जिना म्हणजे काय गोदाम आहे? माझी खुर्ची वळणार कशी? मी ती स्टुलं उचलून कडेला ठेवायचो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जागेवर. शेवटी मी सेक्रेटरींना सांगितलं आणि त्यांनी ‘जिन्यात अडगळ ठेवणाऱ्यांवर कारवाई होईल’ अशी पाटी लावली. पाटी लावायला ते एका स्टुलावर चढले होते.

आता नगरपालिका. विमावाल्यांचं म्हणणं, की जिन्यावरून माणूस वाहून न्यायला परवानगी घ्या, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. मी गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने माझं सगळं ऐकून घेतलं.

“खुर्ची स्वतःची आहे ना?”

“हो.”

“जिना स्वतःचा?”

“सोसायटीचा.”

“मग परवानगी लागत नाही.”

“उत्तम. तसं लिहून द्या.”

“जी परवानगी लागत नाही ती आम्ही देत नाही.”

“परवानगी देऊ नका. लागत नाही, एवढंच लिहून द्या.”

त्याने पेन खाली ठेवलं. “काका, परवानगी लागत नाही असं लिहून देण्याची आम्हाला परवानगी नाही. त्यासाठी वर अर्ज करावा लागेल. चौथ्या मजल्यावर.”

“लिफ्ट?”

“बंद आहे.”

मी चार मजले चढलो. वरच्या साहेबांनी विचारलं, खुर्ची रिकामी असेल की माणसासकट? माणसासकट असेल तर ते वाहन होतं, आणि वाहनाचा विभाग तळमजल्यावर, ज्या खिडकीपासून मी निघालो तिच्या शेजारी. उतरताना प्रत्येक वळणावर मला बसावंसं वाटत होतं. तिथे बसायला काही नव्हतं. सरकारी जिने किती गैरसोयीचे असतात, एवढाच विचार तेव्हा माझ्या मनात आला, याचं मला आता नवल वाटतं.

हे सेक्रेटरींना सांगितल्यावर त्यांचे डोळे चमकले. “सर, खिडकीवर जाऊन कामं होत नाहीत. आपण त्यांच्या वरच्यालाच बोलवू. प्रमुख पाहुणे!” आमच्या भागातून निवडून आलेले एक साहेब आहेत. त्यांना कार्यक्रम हवेच असतात. तारीख ठरली. ‘ज्येष्ठांना हात, तरुणांची साथ’ असा लांबलचक कापडी फलक शिवून आला. तळाशी डाव्या कोपऱ्यात ‘मार्गदर्शक’ म्हणून माझा फोटो होता. फोटो लहान आहे, असं मी म्हटलं नाही. फक्त विचारलं, की यापेक्षा लहान छापता येत नव्हता का.

“मुलांचा फोटो?” हिने विचारलं.

“ती कार्यक्रमात दिसतीलच की प्रत्यक्ष.”

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी एक अघटित घडलं. लिफ्टवाला आला. हातात तो भाग. खाकी कागदात गुंडाळलेला, मुठीएवढा. म्हणाला, अर्ध्या तासात चालू करून देतो. सेक्रेटरींचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब निघालेले, फोटोवाला ठरलेला, फलक फडकतोय, आणि लिफ्ट चालू झाली तर आजींना उचलायचं कशाला? त्यांनी लिफ्टवाल्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला चहा पाजला आणि सांगितलं, “उद्या या.” मी तिथे उभा होतो. वर्षभर थांबलेल्या लिफ्टला एका दिवसाने काय होतं, असं मला तेव्हा अगदी शास्त्रीय वाटलं. प्रश्नचिन्हही तिथेच उभा होता. त्याने हात वर केला. मी नुसतं बघितलं. त्याने हात खाली घेतला.

जिन्यातली अडगळ सेक्रेटरींनी साहेब यायच्या थोडं आधी गोळा करून सोसायटीच्या खोलीत कुलपात टाकली. तोवर मी गच्चीवर अर्ध्या वर्गापुढे उजळणी घेतली; उरलेला अर्धा शेवटी धापा टाकत आला. मग साहेबांची गाडी वळणावर दिसली असा निरोप आला आणि आम्ही सगळे, खुर्ची, पट्टे आणि हेल्मेटसह, आजींच्या दारात गेलो.

दाराला बाहेरून कुलूप.

“झोपल्या असतील,” दातांचे डॉक्टर म्हणाले.

“बाहेरून कुलूप लावून?” विमावाले ओरडले. “बाई गायब आहे! खाली जाऊ शकत नाहीत, वर आपण होतो. जबाबदारी कोणाची?”

“सर,” पेन्सिल पुढे झाली, “आजी बऱ्या आहेत. त्या आत्ता—”

“शंका शेवटी!” सेक्रेटरी आणि मी एकदमच म्हणालो. बऱ्या आहेत एवढं कळलं, माझा जीव भांड्यात पडला, आणि पुढचं ऐकायला वेळ कोणाला होता? खालून गाडीचा हॉर्न ऐकू येत होता. सेक्रेटरींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांची ती नजर मी शिंप्याच्या दुकानात पाहिली आहे.

“सर, तुमचं वजन साधारण तेवढंच असेल ना?”

“म्हणजे?”

“साहेबांना काय कळतंय? एक ज्येष्ठ नागरिक जिन्यावरून आला की झालं.”

मी नाही म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न होता. मग ते म्हणाले, की इतके दिवस शिकवलंत त्याचं प्रात्यक्षिक कोणालाच बघायला मिळणार नाही. शिक्षकाला असं बोलू नये. मी खुर्चीत बसलो.

विमावाल्यांनी मला बांधलं. हात आत. गाठ त्यांनी माझ्याकडूनच शिकली होती, पहिला अर्धा भाग. डोक्यावर हेल्मेट. पुढे जुळे, मागे पेन्सिल आणि अबोल, आणि सर्वांत पुढे ‘पायरी, पायरी’ म्हणत प्रश्नचिन्ह. आणि मला सांगायला आनंद वाटतो, की तरफेचं सगळं माझ्या चित्राप्रमाणे झालं. चौथा मजला गेला, तिसरा गेला. दुसऱ्या मजल्याखाली जुळ्यांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले, तेव्हा मी त्यांना वरून धीर दिला. पुढच्यांवर भार जास्त का, हे पुन्हा समजावून सांगितलं. अबोल मुलाने त्याच्या आयुष्यातलं मी ऐकलेलं पहिलं वाक्य उच्चारलं. “सर, प्लीज बोलू नका.”

पहिल्या मजल्यावर, आमच्या दारासमोरच्या वळणावर घोडं अडलं. फलक जिन्याच्या कठड्याला आडवा बांधला होता. त्याची दोरी खुर्चीच्या पायात गुंतली. जुळ्यांनी ओढलं तसा फलक खाली आला, आणि मार्गदर्शकाचा फोटो बरोबर मार्गदर्शकाच्या तोंडावर पडला. खुर्ची वळणात तिरकी बसली. खाली जाईना, वर येईना. मुलांनी ती टेकवली. गाठ सोडायला गेले तर ती आणखी घट्ट झाली. तो गाठीचा गुणच होता.

एवढ्यात आमचं दार उघडलं. ही हातात तांब्या घेऊन, पदर खोचून बाहेर आली आणि सवयीच्या आवाजात म्हणाली, “आलात का रे? आज वर जायला उशीर केलात. आजींना आधी बसू द्या, मग पाणी...” मग तिने फलक बाजूला केला. “अगंबाई! तुम्ही!”

“आज म्हणजे?” मी हेल्मेटमधून विचारलं. “रोज कोण येतं?”

ही तांब्याकडे बघू लागली. जुळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात खालून, मागच्या गेटकडून, पोस्टाच्या वेळेतला आवाज आला.

“हा टोमॅटो? हा तू तुझ्या घरी ने!”

मी काही विचारणार तोच साहेब जिना चढून आले. मागे फोटोवाला. साहेब घाईत होते. त्यांना पुढे एका झाडाचं उद्घाटन होतं.

“हेच का ते?”

“हेच,” सेक्रेटरी म्हणाले.

“मी मार्गदर्शक—” मी म्हणालो.

बहिऱ्या माणसाशी बोलावं तसे साहेब माझ्या कानाशी वाकून ओरडले, “आजोबा, घाबरू नका हं! सगळं ठीक होणार!” त्यांनी पुष्पगुच्छ पुढे केला. माझे हात आत. तो त्यांनी माझ्या पट्ट्यात खोचला. मग मुलांना म्हणाले, “शाब्बास! असल्या असहाय वृद्धांना तुमच्यासारख्यांचाच आधार.” फोटो निघाला. साहेब गेले. सेक्रेटरी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले ते परत आलेच नाहीत. विमावाले, जबाबदारी कोणाची हा प्रश्न यायच्या आत, घरी पोहोचले होते.

मग जिन्यावर पावलं वाजली. हळू, एका वेळी एक. पोस्टआजी स्वतःच्या पायांनी वर येत होत्या. एक हात कठड्यावर, एक प्रश्नचिन्हाच्या खांद्यावर. तो कधी खाली सटकला होता कोण जाणे. दुसऱ्या खांद्यावर त्याने भाजीची पिशवी घेतली होती. वळणावर येऊन त्या थांबल्या, धापा टाकत इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, “मास्तर, उठा. ती माझी बसायची जागा आहे.”

“मला उठता येत नाही,” मी म्हटलं.

“मग माझं स्टूल कुठाय? जाताना तर होतं.”

स्टूल कुलपात होतं. कोणाच्या सांगण्यावरून, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. आजींचे पाय थरथरत होते. पेन्सिलने त्यांना मागून धरलं. हिने आत जाऊन एका हाताने कात्री आणि दुसऱ्या हाताने जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली. आजींना आधी बसवलं, पाणी दिलं, आणि मग माझ्याकडे वळून, एका शब्दानेही दया न दाखवता, माझी गाठ कचाकच कापली.

“त्यांना उचलायची गरज नव्हती?” मी विचारलं.

“मला कशाला उचलायचं?” आजी म्हणाल्या. “मी काय पार्सल आहे? चालता येतं मला. पण दर मजल्याला बसायला लागतं. मध्ये टेकायला काही नसलं तर अडकून पडायची भीती वाटायची. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं या पोरांना.”

“तुम्ही कोणाला विचारलं नाहीत,” ही मला म्हणाली. “त्यांनी विचारलं.”

मी पेन्सिलकडे वळलो. “आणि मला का नाही सांगितलं?”

“रोज सांगत होतो सर.” तिने मान खाली घातली. “तुम्ही म्हणायचात, शेवटी.”

“मग वर्गाला तरी का येत होता?”

प्रश्नचिन्हाने हात वर केला. मी मान हलवली.

“आम्ही पाळ्या लावल्या होत्या सर. खालची पाळी आजींची आणि वरची पाळी तुमची. ताई म्हणाली, सरांना एकटं वाटायला नको. रोज अर्ध्या जणांनी वर जायचं.”

जुळ्यांपैकी एकाने त्याला कोपराने ढोसलं. उशीर झाला होता. पोटदुखी, पाहुणे, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी हेल्मेट काढलं. उगाच, काहीतरी करायचं म्हणून.

“आणि,” मी विचारलं, “कुठली पाळी जड होती?”

“वरची,” प्रश्नचिन्ह म्हणाला. लहान आहे तो.

आजी इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी पिशवीत हात घातला, एक टोमॅटो काढला आणि माझ्या हातात ठेवला. “दाबून बघा, मास्तर.”

मी दाबला. घट्ट होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली ओळ होती: ‘जिन्यात अडकलेल्या असहाय वृद्धाची तरुणांकडून सुटका.’ माझ्या जुन्या शाळेतून चौकशीचे फोन आले. हिने ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं आहे. त्याच दिवशी मी सेक्रेटरींकडून किल्ली घेऊन सगळी स्टुलं बाहेर काढली आणि पेन्सिलने मला काम नेमून दिलं. दुसऱ्या मजल्याखालचं स्टूल माझं. संध्याकाळी ते ठेवायचं, आजी येईपर्यंत थांबायचं, त्या टेकल्या की त्यांच्याशी बोलायचं. मी त्यांना गुरुत्वमध्य समजावून सांगायला घेतला आहे. गुडघ्याला उसंत मिळेपर्यंत त्या मन लावून ऐकतात आणि मग माझं वाक्य अर्धवट असतानाच उठतात. “राहिलेलं उद्या, मास्तर.” इतकी नियमित विद्यार्थिनी मला शाळेतही मिळाली नव्हती.

लिफ्टवाला त्यानंतर आलेला नाही. सेक्रेटरी म्हणतात, पत्ता लागत नाही.

वरची पाळी अर्थातच बंद झाली. तरी सवयीने मी गच्चीवर जाऊन उभा राहतो. टाकीवर अजून माझी तरफ आहे. परवा तिथे उभा होतो तर जिन्यातून काहीतरी आपटत, घासत वर येत असल्याचा आवाज झाला. प्रश्नचिन्ह दारात आला.

“आज कोणी पाठवलं तुला?” मी विचारलं.

“कोणी नाही. शंका आहे.”

मी खडू खाली ठेवला. “विचार.”

“सर, त्या दिवशी लिफ्टवाला आला होता. त्याला परत का पाठवलं?”

मी टाकीकडे बघितलं.

“याला वेळ लागेल,” मी म्हटलं.

“चालेल,” तो म्हणाला आणि बसला. येताना त्याने स्टूल आणलं होतं. दोन आणली होती.